हिवाळा मागणारे बी

मृगाचा पाऊस पडतो, शेतकरी पेरणी करतो आणि पाहता पाहता हिरवे कोंब भुईतून डोके वर काढतात. ऊब आणि ओल लाभली की बियाण्याने जागे व्हावे, हा मराठी मुलखाचा नित्याचा अनुभव. पण काही बियांना केवळ ऊब देऊन भागत नाही. त्यांना आधी थंडी सोसावी लागते. सारासेनियाचे बी त्यांपैकीच एक.

सारासेनिया ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील दलदलींत वाढणारी कीटकभक्षक वनस्पती. क्वेबेक येथील फ्रेंच वैद्य मिशेल साराझँ यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. मेघालयातील घटपर्णी निराळ्या कुळातील. तिचा घट पानाच्या टोकाला लोंबतो. सारासेनियाचे मात्र अवघे पानच पोकळ असते आणि बहुतेक जातींत ते तुतारीसारखे सरळ उभे राहते. त्याच्या काठावर मध पाझरतो. मधाच्या लोभाने आलेला कीटक घसरून आत पडतो आणि खाली वळलेल्या केसांमुळे त्याला वर चढता येत नाही. दलदलीच्या मातीत नत्र फार थोडे; ती उणीव ही वनस्पती कीटकांपासून भरून काढते.

या वनस्पतीच्या निरनिराळ्या जातींचा संकर सहज होतो. एका फुलातील पराग मऊ कुंचल्याने उचलून दुसऱ्या जातीच्या फुलातील कुक्षीवर लावला, की काम झाले. तिच्या फुलात उलट्या छत्रीसारखा एक भाग असतो. त्या छत्रीच्या पाच टोकांपाशी लहान लहान कुक्षी असतात. तेथे पराग पोचला पाहिजे. मग भुंग्यांनी दुसरा पराग आणू नये म्हणून माळी फुलावर तलम जाळी बांधतो. डब्लिनजवळच्या ग्लासनेव्हिन येथील वनस्पती-उद्यानाचे प्रमुख डेव्हिड मूर यांनी पिवळ्या तुतारीच्या आणि पांढऱ्या माथ्याच्या अशा दोन जातींचा संकर घडवला. 1874 साली तो फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनात मांडला गेला. आजही ते रोप मूर यांच्याच नावाने ओळखले जाते.

शरद ऋतूत बोंड तपकिरी होऊन फुटते आणि बारीक बी मोकळे होते. ते त्याच वेळी रुजले, तर कोवळे रोप पुढच्या हिमात मरून जाईल. म्हणून निसर्गाने त्याला जणू कुलूप घातले आहे, आणि त्याची किल्ली हिवाळ्याच्या हाती दिली आहे. थंडीचे काही आठवडे ओलाव्यात काढल्याशिवाय ते नीट उगवत नाही. माळी हे जाणतो. ओलसर शेवाळात बी ठेवून तो ते चार ते सहा आठवडे फ्रिजमध्ये जपतो. नंतर पीट आणि वाळू यांच्या मिश्रणावर ते नुसते पसरतो. मातीखाली गाडत नाही, कारण त्याला उजेड हवा असतो. कुंडी पावसाच्या पाण्याने भरलेल्या ताटलीत ठेवतो. खत मात्र घालत नाही. इतर पिकांना पोसणारे खत या कोवळ्या मुळांना जाळून टाकते.

दोन-चार आठवड्यांनी कोंब दिसतात. पहिल्या दोन पानांमागून येणारे पान इवलेसे असले, तरी तेही पोकळच असते. येथून पुढे प्रतीक्षेला आरंभ होतो. प्रत्येक हिवाळ्यात पाने करपतात. रोप मेले, असे नवख्याला वाटते. जाणता माळी ते उपटत नाही. वसंतात नवी पाने येतात, आणि ती पूर्वीपेक्षा मोठी असतात. पूर्ण वाढ व्हायला चार-पाच वर्षे सहज लागतात.

इतके करून हाती काय येईल, हे आधी कोणी सांगू शकत नाही. संकरित रोपांचा पुन्हा संकर केला, की एकाच बोंडातील भावंडे निरनिराळी निघतात. कोणी उंच, कोणी ठेंगणे. कोणाच्या अंगावर लाल शिरांची नक्षी, तर कोणी अगदी साधे. आवडलेले रोप जसेच्या तसे हवे असेल, तर त्याचा गड्डा फोडून लावावा. पण पूर्वी कोणी न पाहिलेले रोप हवे असेल, तर बी पेरण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

या धीराला आणखी एक मोल आहे. दलदली आटवल्यामुळे आणि हौशी लोकांनी रोपे खणून नेल्यामुळे सारासेनियाच्या काही जाती रानात विरळ झाल्या आहेत. जो बियांपासून रोप वाढवतो, त्याला रानातले रोप उपटावे लागत नाही. उपटणाऱ्याचे काम घटकाभरात होते. पेरणाऱ्याला कित्येक हिवाळे थांबावे लागते. परंतु उपटणाऱ्यामागे दलदलीत खड्डा राहतो, आणि पेरणाऱ्यामुळे जगात एका रोपाची भर पडते.