ब्रेझा की नेक्सॉन? : एक कौटुंबिक व्हायवा

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरच्यांच्या दृष्टीने आपण सर्वज्ञ होतो. मिक्सर बंद पडला, इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागला, शेजारच्या काकूंच्या मोबाईलवर गुड मॉर्निंगचे फोटो उघडेनात, की लगेच फोन होस्टेलवर! त्यातून ब्रँच मेकॅनिकल असेल तर गाड्यांचं खातं आपोआप आपल्याकडे येतं. आणि मेकॅनिकलला शिकणारी मुलगी असेल तर आणखी एक गंमत असते. सल्ला आपल्याला विचारतात आणि ऐकतात मामाचा!

तर मंडळी, २०२५ च्या गणपतीत आमच्या आईने जाहीर केलं, की तिला गाडी घ्यायची आहे. 'आपल्याला' नाही, 'मला'. बाबांनी पेपर बाजूला ठेवला, मामाने चहा खाली ठेवला आणि दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आम्ही राहतो कराडला आणि तिची शाळा पाटण तालुक्यात, फाट्यावरून आत डोंगराच्या अंगाला. जायला साधारण ३५ किलोमीटर, यायला तेवढेच. इतकी वर्षं ती फाट्यापर्यंत वडापने आणि तिथून मिळेल त्या वाहनाने जात आली. वडाप म्हणजे काय हे सातारा-कोल्हापूरकडच्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते : नऊ माणसांच्या जीपमध्ये चौदा माणसं बसवण्याची कला. आईचं वय ५३ आणि डावा गुडघा सत्तरचा. जीपच्या मागच्या फळीवर पाय ठेवून चढणं आता जमेना. पाच वर्षं नोकरी बाकी आहे. तिच्यापुढे रस्ते तीनच होते. गावात खोली घेऊन एकटीने राहायचं, स्वेच्छानिवृत्ती घ्यायची किंवा स्वतः गाडी चालवत जायचं. गाडी तिला येते, मामाच्या जुन्या गाडीवर शिकली आहे. म्हणजे 'कोणती गाडी' हा प्रश्न आमच्याकडे हौसेचा नव्हताच. 'आई शाळेत जाणार की नाही' असाच तो होता.

पंधरा दिवस चर्चा होऊन यादीत दोन नावं उरली : मारुतीची ब्रेझा आणि टाटांची नेक्सॉन. मी होस्टेलवर परत आले आणि सहज म्हणून वर्गात विषय काढला. मग काय विचारता! गॅस टर्बाईनच्या लेक्चरला कधी तोंड न उघडणारी पोरं टर्बोवर भाषणं द्यायला लागली. मेसमध्ये आमटी गार झाली तरी दोन पार्ट्यांची लढाई थांबेना. एक पार्टी 'मायलेज, मायलेज', दुसरी 'पाच तारे, पाच तारे'. आईचा गुडघा दोन्हीकडे कुणाच्याच सिलॅबसमध्ये नव्हता.

आता जरा अभ्यासाचं बोलू. या दोन्ही गाड्यांना जाहिरातीत 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात, पण खऱ्या अर्थाने त्या क्रॉसओव्हर आहेत. बोलेरोसारख्या गाडीला खाली शिडीसारखी भक्कम चासी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. क्रॉसओव्हरमध्ये चासी आणि बॉडी एकच असते, साध्या हॅचबॅक गाडीसारखी. फक्त उंची वाढवलेली असते. दोन्हींची लांबी बघा : ब्रेझा ३९९५ मिलिमीटर, नेक्सॉनही ३९९५ मिलिमीटर. हा योगायोग नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांची एक्साईज ड्युटी २४ टक्क्यांवरून १६ टक्के केली. अट अशी, की पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत हवं आणि डिझेल १५०० च्या आत. तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्या चार मीटरला पाच मिलिमीटर कमी भरायला लागल्या. ७५ टक्के हजेरीच्या नियमाला बरोब्बर ७५.२ टक्के हजेरी लावणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो ना, तशाच!

पण या हजेरीत एक मेख आहे, आणि ती बाबांनी पकडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटर आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, त्यावरच्यांना ४० टक्के. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचं, म्हणजे काठावर पास. ब्रेझाचं १४६२ सीसीचं. म्हणजे लांबीच्या पेपरात पास, इंजिनच्या पेपरात नापास, आणि मार्कशीटवर ४० टक्के. आधी सेस धरून हा कर ब्रेझाला ४५ टक्के होता आणि नेक्सॉनला २९. म्हणजे एकीचे पाच कमी झाले आणि दुसरीचे अकरा. बाबांनी डायरीत दोन रकाने आखले, खाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "संपला विषय. नेक्सॉन."

मामा कुठला ऐकतोय! "भावजी, मारुतीचा मेकॅनिक पाटणला बी मिळतोय आन् कोयनानगरला बी. दहा वर्षांनी इकायला काढा, लोक दारात येत्यात."

दोघांचंही खोटं नव्हतं. इंजिनाच्या बाबतीतही तसंच. नेक्सॉनला तीन सिलिंडर आणि टर्बो. तिचा १७० न्यूटन मीटर टॉर्क १७५० आरपीएमपासूनच हाताशी येतो. ब्रेझाला चार सिलिंडर, टर्बो नाही. तिचा टॉर्क १३७ च्या आसपास आणि तोही ४४०० आरपीएमला. आता आमच्याकडच्या रस्त्यावर याचा अर्थ काय? नोव्हेंबरात ऊस सुरू झाला की एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर मोठ्या आवाजात गाणी, आणि पाठीमागे अर्धा किलोमीटर रांग. ही लांबलचक वरात ओलांडताना समोरच्या लेनमध्ये जितका कमी वेळ राहू तितकं बरं. तिथे टर्बोचा टॉर्क कामाचा. पण रांगेत पंधराच्या स्पीडने सरकत राहताना आरपीएम त्या १७५० च्या खालीच असतात. तिथे टर्बो जागा व्हायच्या आतच आपण ब्रेक मारलेला असतो. तिथे साधं, मोठं इंजिन निवांत वाटतं.

मायलेजचंही एकदा गणित मांडून टाकलं. रोजचे ७० किलोमीटर, महिन्याला शाळेचे २२ दिवस, म्हणजे १५४० किलोमीटर. समजा एक गाडी लिटरला १५ देते आणि दुसरी १७, तर फरक महिन्याला १२ लिटरचा. पेट्रोल शंभराच्या आसपास धरलं तर बाराशे रुपये. आईसोबत आणखी दोन बाई येणार आणि पेट्रोल वाटून घेणार. म्हणजे माणशी चारशे. ज्या मुद्द्यावर मेसमध्ये पोरं हातघाईवर आली होती, तो चारशे रुपयांचा निघाला!

राहता राहिले तारे. हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१८ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी नेक्सॉन ही पहिली भारतीय गाडी. तिच्या २०२३ च्या नव्या रूपालाही २०२४ मध्ये पाच तारे मिळाले, आधी ग्लोबल एनकॅपमध्ये आणि मग भारत एनकॅपमध्ये. ब्रेझाला २०१८ मध्ये चार होते, पण ते जुन्या बॉडीचे. २०२२ ला आलेल्या नव्या ब्रेझाच्या खात्यात ते धरता येत नाहीत. मी हे सगळं आईला फोनवर नीट समजावलं. समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला घेतात आणि आतल्या पुतळ्यांना बेल्ट लावलेले असतात, हेही सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे मागे बसणाऱ्या बाईंनी बेल्ट लावला नाही तर तुझे तारे त्यांच्या कामाचे नाहीत." बरोबर आहे. त्या दिवशी तिने नियम केला : मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलणार नाही. गाडी अजून घ्यायची होती, नियम आधी आला.

आता खरा पेपर : क्लच. डावा गुडघा दुखत असताना ट्रॅफिकमध्ये शंभर वेळा क्लच दाबायचा म्हणजे वडापची फळी बरी. त्यामुळे क्लच पेडल नसलेलीच गाडी घ्यायची हे नक्की होतं. आमच्या बजेटमध्ये नेक्सॉनची एएमटी बसत होती आणि ब्रेझाची सहा गिअरची ऑटोमॅटिक. दोन्हींत डावा पाय मोकळा, पण आतली यंत्रणा वेगळी. एएमटी म्हणजे आपला नेहमीचाच गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्र करतं. स्वस्त आणि मायलेजला चांगली. पण गिअर बदलताना क्षणभर इंजिन आणि चाकं यांची फारकत होते, आणि तो क्षण मानेला कळतो. कुठल्याही कंपनीची एएमटी घ्या, हे तिच्या जातीतच आहे. ब्रेझात टॉर्क कन्व्हर्टर आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक चालू करा. हवेने दुसराही फिरायला लागतो. हवेच्या जागी तेल धरा की झाला टॉर्क कन्व्हर्टर. मध्ये घासणारा क्लच नसल्याने चढावर गाडी हळूहळू सरकवणं यात सोपं जातं.

हे सगळं मी थिअरीत सांगू शकत होते. प्रॅक्टिकल आईने घेतलं. ऑक्टोबरात एका रविवारी टेस्ट ड्राईव्ह ठरली. शोरूमचा माणूस आपल्या सवयीने म्हणाला, "मॅडम, इथून हायवेला एक चक्कर मारून येऊ." आई म्हणाली, "अहो, मी रोज हायवेला चक्कर मारायला जाणार नाहीये. माझ्या शाळेपर्यंत येता का?" तो जरा चाचरला, पण आला. पुढच्या रविवारी दुसऱ्या शोरूमचाही आला. दोन्ही वेळा सोबतच्या दोन्ही बाई, डबे आणि वह्यांचे गठ्ठे घेऊन वरात निघाली.

तिची प्रश्नपत्रिका कुठल्याही मासिकात मिळणार नाही. पहिला प्रश्न : साडी नेसून दहा वेळा आत बसायचं आणि दहा वेळा उतरायचं. यात दोन्ही गाड्या पास झाल्या. क्रॉसओव्हरची खरी करामत हीच आहे. सीट कमरेच्या उंचीला असते, त्यामुळे सेडानसारखं खाली पडावं लागत नाही आणि जीपसारखं वर चढावं लागत नाही, नुसतं सरकायचं. डिझाईनवाले ज्याला एच-पॉइंट म्हणतात, तो म्हणजे दुसरं काय, आईचा गुडघा! दुसरा प्रश्न : फाट्यावरच्या चढावर मध्येच थांबायचं आणि पुन्हा निघायचं, समोर म्हैस आहे असं समजून. (पहिल्या रविवारी समजावं लागलं नाही.) तिसरा : शाळेसमोरच्या अरुंद बोळात गटार सांभाळून गाडी वळवायची. आणि चौथा : पाटणच्या पावसात काच आतून धुरकटते, तेव्हा रस्त्यावरची नजर न काढता हवा काचेकडे वळवायची. आम्ही पाहिलेल्या नेक्सॉनमध्ये एसीचं पॅनल टचचं होतं, ब्रेझात बोटाला लागणारी बटणं होती. आईने डोळे समोर ठेवून दोन्हीकडे हात फिरवला आणि काही बोलली नाही. वहीत मात्र खूण केली.

परतताना बाबांनी विचारलं, "मग?"

"ब्रेझा. ऑटोमॅटिक."

"अगं, चाळीस टक्के जीएसटी! डिकीसुद्धा लहान, ३२८ लिटर. तिची ३८२ आहे."

"माझ्या गुडघ्यावर किती टक्के लावतात ते विचारा. आणि डिकीत वह्या ठेवायच्यात, संसार नाही."

मामाने जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. आईने त्यालाही सोडलं नाही. "तू म्हणालास म्हणून नाही घेत. दहा वर्षांनी विकायची काळजी दहा वर्षांनी करू. मला पाच वर्षं शाळेत जायचंय."

याचा अर्थ नेक्सॉन मागे पडली असा कुणी काढू नये. माझा मामेभाऊ पुण्याला असतो. रोज हायवेने जातो-येतो, गुडघे पंचविशीचे, घाई पाचवीला पुजलेली. त्याने मला विचारलं तर मी कर, टॉर्क आणि तारे तिन्ही त्याच्यापुढे ठेवीन आणि नेक्सॉन सांगीन. गाड्या त्याच, उत्तर वेगळं. आपल्याला परीक्षेत सवय अशी, की एका प्रश्नाला एकच मॉडेल आन्सर. इथे 'गिव्हन डेटा'च प्रत्येक घरात वेगळा असतो, आणि तो ब्रोशरमध्ये छापलेला नसतो. चालवणारं माणूस कोण, रस्ता कोणता, दिवसातून किती वेळा थांबायचं, सोबत कोण बसणार, कुठे दुखतं... हे आधी विचारायचं आणि मग हॉर्सपॉवरकडे वळायचं. तुमच्याही घरून कधीतरी फोन येईलच, तेव्हा वर्गातल्या पोरांना विचारायच्या आधी एवढं विचारा.

गाडी दिवाळीत आली. पहिले आठ दिवस बाबा शेजारी बसून 'सावकाश, सावकाश' करत होते. नवव्या दिवशी आईने त्यांना घरी ठेवलं.

परवा तिच्याशी फोनवर अर्धा तास बोलले. गाडीचा विषय निघाला नाही. ती सांगत होती, की शिष्यवृत्तीला बसलेल्या मुलांचा शाळा सुटल्यावर एक जादा तास घ्यायला लागली आहे. इतकी वर्षं घेता येत नव्हता. शेवटचं वडाप चुकायचं.