लाल न पाहणारी फिल्म

शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तरानें पुढें काय करावें, याविषयीं घरांतील प्रत्येकाचें मत ठाम असतें. ठाम नसतें तें त्याचें स्वतःचें. मला कोणीं योगवासिष्ठ सुचविलें, कोणीं सकाळचें फिरणें, कोणीं नातवंडांचें संस्कृत. यांतलें सर्व थोडथोडें झालें. पण ज्या उद्योगानें गेलीं चार वर्षें आमची कोठीची खोली व्यापिली, तो कोणींच सुचविला नव्हता. आमच्या एका आप्तांचें छायाचित्रांचें दुकान होतें. तें मोडतांना त्यांनीं त्यांतला सर्वांत जुना कॅमेरा, सागवानी पेटीचा आणि चामड्याच्या भात्याचा, "फेंकवत नाहीं आणि विकवतही नाहीं" असें म्हणून आमच्या ओटीवर आणून ठेविला. त्यांत पूर्वीं कांचेच्या प्लेटी घालीत, साडेसहा इंच लांब आणि पावणेपांच इंच रुंद. तशा प्लेटी आतां बाजारांत कोठून मिळणार? कॅमेरा वर्षभर शोभेचा होऊन राहिला.

मग ओळखीच्या एका डॉक्टरांनीं आपला क्ष-किरण विभाग संगणकावर नेला, आणि मुदत टळलेल्या फिल्मच्या तीन पेट्या रद्दीस निघाल्या. आठ इंच बाय दहा इंचांचा एक ताव कापला तर माझ्या मापाचे बरोबर दोन तुकडे निघतात, आणि कडेची पट्टी उरते ती चाचणीला उपयोगी पडते, हा हिशेब मनांत येतांच मीं त्या पेट्या मागून घेतल्या. डॉक्टर हंसले. म्हणाले, "मास्तर, यांत बरगड्यांशिवाय दुसरें कांहीं दिसावयाचें नाहीं हो!"

डॉक्टरांचें म्हणणें थट्टेचें होतें. क्ष-किरणांची फिल्म नांवाप्रमाणें क्ष-किरणांसाठीं असली, तरी बहुतेक काम ती साध्या उजेडानेंच करते. कॅसेटमध्यें तिच्या दोन्ही अंगांस एकेक पडदा असतो. त्यावर क्ष-किरण पडले कीं तो हिरवा उजळतो, आणि त्या उजेडाचा ठसा फिल्म घेते. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंस रसायनाचा लेप असतो, आणि म्हणूनच तिला निळा व हिरवा हे रंग दिसतात. लाल मात्र तिला दिसत नाहीं. चांदीचें मूळचें लवण तर याहूनही अंध. त्यास निळ्या-जांभळ्यापलीकडे जवळजवळ कांहींच कळत नाहीं. १८७३ सालीं हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें त्या लवणांत रंगद्रव्य मिसळून त्यास हिरव्याची दृष्टि दिली. सर्व रंग जाणणाऱ्या प्लेटी विलायतेंत १९०६ सालीं विक्रीस आल्या, तरी लाल न पाहणाऱ्या जुन्या प्लेटी पुढें पुष्कळ वर्षें चालत राहिल्या. कारण सोपें आहे. जिला लाल दिसत नाहीं, ती लाल दिव्याच्या उजेडांत, डोळ्यांदेखत धुतां येते.

माझ्यासारख्या नवशिक्यास हीच सोय मोठी वाटली. देवघरांतला शून्य क्रमांकाचा लाल दिवा मीं कोठीच्या खोलींत नेला. दिवा निर्धोक आहे कीं नाहीं हें पाहण्याची एक युक्ति आहे. फिल्मच्या पट्टीवर रुपयाचें नाणें ठेवून ती पांच मिनिटें दिव्याखालीं राहूं द्यावी आणि मग धुवावी. नाण्याचा गोल उमटला तर दिवा खोटा. आमच्या दिव्याखालीं रुपया असा स्वच्छ उमटला कीं, पांढऱ्या दिव्याला वरून लाल रंग फांसला आहे हें त्याच वेळीं कळलें. देवांनीं तो बारा वर्षें चालवून घेतला होता. दुसरा आणला, तो टिकला.

धुण्याच्या द्रव्याची कथा निराळीच. रीतसर द्रव्य म्हणजे डी-७६, १९२७ पासूनचें. एक लिटर पाण्यांत मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉलसाठीं मी चार दुकानें हिंडलों, प्रत्येक ठिकाणीं "तें कशाला हवें?" हा प्रश्न आला, आणि उत्तर दिल्यावर दुकानदाराची माझ्याविषयींची शंका वाढली. शेवटीं मीं कॉफीचा मार्ग धरिला. अमेरिकेंत रॉचेस्टर येथील तंत्रसंस्थेंत १९९५ सालीं स्कॉट विल्यम्स या अध्यापकानें व त्याच्या विद्यार्थ्यांनीं कॉफीनें फिल्म धुवून दाखविली. लिटरभर पाण्यांत धुण्याचा निर्जल सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड १६ ग्रॅम आणि तयार कॉफीची पूड ४० ग्रॅम, इतकीच सामग्री. कॉफी जितकी हलकी तितकी बरी. उंची कॉफी या कामीं वायां जाते. हें मीं सूनबाईंना समाधानाचें म्हणून सांगितलें. पण वास! सोड्यांत मिसळलेल्या कॉफीचा वास ज्यानें घेतला नाहीं त्यास तो सांगून कळणार नाहीं. सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "बाबा, तुमचा डबा आणि माझा डबा वेगळे ठेवूं."

आणि ठेवावेच लागतात. या विद्येंत विटाळ फार. चित्र उमटविण्याचें तबक एकीकडे, तें कायम करणाऱ्या हायपोचें तबक दुसरीकडे. त्या हायपोचा एक थेंब जरी पहिल्या तबकांत पडला तरी सगळें नासलें. एक हात ओल्याचा, एक हात कोरड्याचा. या तबकाचा चिमटा त्या तबकास लावावयाचा नाहीं. मधें हात धुवावयाचे. घरांतून पहिल्याच दिवशीं हें दारांतून पाहणें झालें, आणि शब्द आले ते असे: "चाळीस वर्षें आमच्या खरकट्या-सोंवळ्याला हंसलांत ना? आतां एकट्यानें पाळा." मीं निमूट पाळलें.

पहिला वैशाख मात्र वायां गेला. द्रव्य २० अंशांवर असावें असा नियम, आणि आमच्या नळाचें पाणी ३१ अंश! लेप जिलेटिनचा, म्हणजे मुळांत सरसच. तो उष्ण पाण्यांत सुटला आणि दुधावरच्या साईसारखा तबकांत तरंगूं लागला. मागें रिकामी, निळसर फिल्म तेवढी हातांत राहिली. तेव्हांपासून हें काम मी पौष-माघांत करतों, आणि माठाचें पाणी घेतों. दोन्ही बाजूंस लेप असल्यामुळें खालच्या अंगास ओरखडे उठत. त्यावर तबकाच्या तळाशीं गुळगुळीत कांच ठेवण्याचा उपाय सांपडला. कांचेच्या प्लेटीच्या जागीं पातळ फिल्म बसविली कीं ती मध्येंच पोट काढते आणि चित्र अंधुक येतें. तिच्या पाठीशीं पुठ्ठा घातला.

एवढ्या खटाटोपानें जीं पहिलीं चांगलीं चित्रें आलीं, तीं जास्वंदीचीं. ओटीवरची सावली, भिंग ३२ वर, टोपी एक सेकंद काढलेली. लालभडक जास्वंद कोळशासारखी काळी आली, आणि तिच्यामागें ठेवलेली निळ्या पुठ्ठ्याची वही कोऱ्या कागदासारखी पांढरी. स्फटिकाजवळ जपाकुसुम ठेविलें असतां स्फटिक लाल भासतो, हा शास्त्रांतला दृष्टांत मी जन्मभर शिकवीत आलों. येथें जपाकुसुमाचाच रंग हरपला होता. खात्रीसाठीं इल्फर्डची एचपी ५ प्लस ही सर्व रंग पाहणारी फिल्म आणून दुसऱ्या कॅमेऱ्यानें तेंच चित्र घेतलें. तींत जास्वंद मध्यम राखाडी, हंसतमुख. मग घरांतून आग्रहानें बसविलें. क्ष-किरणांच्या फिल्मवर चेहरा दोन छटा सांवळा आला आणि कुंकू शाईच्या डागासारखें. "हें काय माझें चित्र?" म्हणून तें परत आलें. धाकटी नात मात्र तें घेऊन माजघरांत गेली आणि तेथूनच ओरडली, "आजोबा, भिंतीवरच्या पणजीचें कुंकूपण काळंच आहे!"

भिंतीवरचें तें चित्र १९२९ सालचें, थोरल्या काकांच्या मुंजीचें. मीं नातीस समजावून सांगितलें कीं ती प्लेटही लाल न पाहणारी होती, आणि सांगतां सांगतां थांबलों. भिंतीवर आहे ती मूळ प्रत नव्हे. १९८७ सालीं मीं स्वतः तिचें मोठें चित्र करवून घेतलें. मूळ चित्राच्या उजव्या कडेला, खांबाला लागून, अर्धी आड अशी एक बाई उभी आहे, डोक्यावरून पदर घेतलेली, नखशिखांत काळ्या वस्त्रांत. ती कोण हें घरांत कोणीं सांगितलें नव्हतें. वडील तोंपर्यंत गेले होते. मुंजीसारख्या मंगलकार्यांत घरची बाई काळें नेसून उभी राहील काय? तेव्हां ती परकी, फोटोवाल्याबरोबर आलेली कोणी, असें आम्हीं ठरविलें, आणि मींच दुकानदारास सांगितलें, "एवढी कड कापा." चौकट त्यामुळें प्रमाणशीर झाली याचें मला त्या वेळीं कौतुकही वाटलें होतें.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. काळें नसेल तर तें वस्त्र कोणतें असेल, हें आमच्या पिढीच्या माणसास सांगावें लागत नाहीं; तरुण वाचकांसाठीं लिहितों. केशवपन केलेल्या विधवा जें जाडेंभरडें तांबडें वस्त्र नेसत त्यास अलवण म्हणत.

सकाळीं तांबड्या जाड्या कापडाच्या शोधांत मीं आजोबांच्या कीर्दींचें बासन सोडलें. तें लाल खारव्याचें होतें. खारवा ओटीच्या खांबाला लावून टांगला आणि चित्र घेतलें. माठाच्या पाण्यांत, लाल दिव्याखालीं, कापडाची घडी न घडी काळ्या रंगांत बुडालेली वर आली. मूळ चित्रांतल्या वस्त्रासारखीच.

नंतर ट्रंकेंतील मूळ चित्र काढलें. तें पिवळें पडून फिकें झालें आहे. त्या बाईंचा चेहरा नुसत्या डोळ्यांस लागत नव्हता. पण पिवळ्या-तपकिरी डागाकडे ही अर्धांध फिल्म गडद म्हणूनच पाहते. त्यामुळें फिक्या चित्राची नक्कल तिच्यावर मुळाहून ठसठशीत येते. तीन तुकडे वायां गेले, चौथा साधला. त्यावरून कागदावर ठसा घेतला आणि भिंगाखालीं धरला. कपाळ मोकळें, गळा मोकळा, खांबावर टेकलेलें मनगट मोकळें. नाक आमच्या आजोबांचें, तेंच माझें.

कीर्दी मोडींत आहेत; मोडी मला सावकाश वाचतां येते. १९२६ पासून दर वर्षीं चैत्रांत एक ओळ सांपडली: "ताईस अलवण १". आजोबांना थोरली बहीण होती हें त्या ओळीनें मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं कळलें. तिच्या आसपासच्या नोंदींवरून दिसतें कीं वाणसामानाच्या याद्या "ताईचे सांगण्यावरून" होत. म्हणजे घर चालवीत होती ती तीच. १९३४ च्या श्रावणांत लांकडांचा व दहाव्याचा खर्च आहे. पुढच्या चैत्रांत ती ओळ नाहीं.

वडील तेव्हां सहा वर्षांचे असतील. कांहीं तरी आठवत असलेंच पाहिजे. मीं कधीं विचारलें नाहीं.

या माघांत पूर्ण चित्राचा नवा ठसा करून चौकटींत घातला. खालीं पट्टीवर नांवें लिहिण्याचें काम नातीचें. अक्षर तिचें चांगलें आहे. आजोबा, आजी, काका, मांडीवरचे वडील असें लिहीत ती खांबापाशीं आली. "हिचं नांव काय लिहूं?"

गांवाकडच्या चुलतभावास विचारलें होतें, उपाध्यायांच्या वंशजांस विचारलें होतें. माहेरचें नांव कीर्दींत नाहीं, सासरचेंही नाहीं.

"ताई लिही," मीं सांगितलें. "आणि पुढें थोडी जागा सोड."

चौकट चार बोटें रुंद झाल्यामुळें भिंतीवरचा जुना खिळा चालला नाहीं. दोन नवे ठोकले.