फेवरलुबा

तृतीय वर्षाच्या वर्गात परवा आमचे ट्यूटोरियलचे कागद परत मिळाले. लाल शाईने सगळ्यांचेच कागद रंगले होते. आमची उतरलेली तोंडे पाहून सरांनी विषय बदलला आणि वहीतून घडी घातलेला एक कागद काढला. २००४ सालच्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने इंटरनेटवरच्या लिलावांतील स्पेलिंगच्या चुकांवर एक लेख छापला होता, त्याची ती प्रत होती. कोणी लॅपटॉप विकायला काढला होता आणि लिहिले होते ‘लॅबटॉप’. कोणी सुऱ्या विकत होता, पण ‘नाइफ’चे अनेकवचन त्याने शाळकरी पोरासारखे नुसता ‘एस’ चिकटवून केले होते. ‘आर्ट डेको’ पद्धतीच्या फुलदाणीतला ‘सी’ जाऊन त्याच्या जागी ‘के’ येऊन बसला होता. वर्ग खो खो हसला. मीही हसलो. आणि हसता हसता मला एक शब्द आठवला. तो सरांच्या कागदावर असणे शक्यच नव्हते, कारण तो मी लिहिलेला होता.

आमचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे एस.टी. स्टँडसमोरच्या चाळीच्या जिन्याखालची काचेची पेटी, एक स्टूल, आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पण कानाशी घड्याळ धरून ते कुठे अडते आहे हे ते सांगतात, आणि घड्याळ उघडल्यावर ते तिथेच अडलेले सापडते. ज्या उस्तादांच्या हाताखाली ते काम शिकले, त्यांनी जाताना आपले मनगटी घड्याळ अण्णांना दिले होते. ते ‘फेवरलुबा’ होते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजोबांचे घड्याळ आहे, त्यांच्या कानांवर हे नाव आले असेल. मूळ नाव फाव्र-ल्यूबा असे काहीसे आहे. १७३७ पासूनचे हे स्वित्झर्लंडचे घराणे. १८६५ सालापासून त्याची घड्याळे हिंदुस्थानात येऊ लागली. आपल्याकडे त्या नावाचे ‘फेवरलुबा’ झाले आणि लग्नातल्या जावयाच्या मनगटावर जाऊन बसले. अण्णांचे घड्याळ ‘सी चीफ’ जातीचे, चावीचे. “आत एका स्प्रिंगच्या जागी दोन आहेत,” अण्णा सांगायचे, “एकदा चावी दिली की दोन दिवस बघायला नको.”

२०१८ साली मी नववीत होतो. ताईला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फीचे पैसे कमी पडले. पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, जुन्या वस्तूंचा लिलाव हल्ली इंटरनेटवर होतो, शौकीन लोक चांगली किंमत देतात. माझ्या खात्यावरून टाकू. घरात इंग्रजी येणारा मी एकटा! अण्णांनी घड्याळ पुसून रुमालावर ठेवले, मी फोनने फोटो काढले आणि मजकूर लिहायला बसलो. मथळ्यात पहिलाच शब्द लिहिला तो ‘फीव्हर’. म्हणजे ताप. त्याच्यापुढे ‘लुबा’, आणि त्याच्याही पुढे ‘व्हिंटेज’, त्यातही एक अक्षर चुकलेले.

खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. ते नाव घड्याळाच्या डायलवर छापलेले होते. माझ्यासमोर, रुमालावर, बारा आकड्याच्या खाली. बघून लिहायचे म्हटले असते तर एक मिनिट लागले नसते. मी बघितले नाही, कारण ते नाव मला येत होते! लहानपणापासून ऐकत आलो होतो ना.

सात दिवस लिलाव चालला. सुरुवातीची बोली आम्ही १,५०० रुपये ठेवली होती. सहा दिवस काहीच हालचाल नव्हती. अण्णा रोज रात्री विचारायचे, “कोणी आलं का?” जणू कोणी दाराशी येणार होते. सातव्या दिवशी शेवटच्या घटकेला एकच बोली आली, १,५०० ची. घड्याळ गेले. फीचे बाकीचे पैसे आईने बचत गटातून उचलले.

दीड महिन्याने मी सहज तेच संकेतस्थळ चाळत होतो. आमचे घड्याळ तिथे पुन्हा दिसले. चार आकड्याजवळचा ओरखडा मी ओळखला. तो मी लहान असताना केलेला आहे. या वेळी मथळ्यात नाव अक्षरन् अक्षर बरोबर होते. तेवीस बोल्या लागल्या होत्या. किंमत झाली होती ९,२५० रुपये.

मी फोन बंद केला आणि हे कोणाला सांगितले नाही.

पुढे कॉलेजात आल्यावर या प्रकाराच्या मागे लागलो. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते, तसेच काहीसे. अशा लिलावांचे मोठे घर म्हणजे अमेरिकेतले ‘ईबे’. १९९५ साली पिअर ओमिड्यार यांनी ते सुरू केले, तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर पॉइंटर. तोही चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंटांना गेला. म्हणजे मोडक्या वस्तूलाही गिऱ्हाईक आहे, फक्त ते तिच्यापर्यंत पोचले पाहिजे. आणि पोचायची वाट एकच, मथळ्यातली अक्षरे. गिऱ्हाईक नाव टाइप करते, यंत्र अक्षरे जुळवते. जुळली तर वस्तू समोर, नाही तर ती वस्तू जगात नाहीच! आमच्या पेटीसमोर कोणी येऊन “फेवरलुबा आहे का?” म्हणाला, तर अण्णा काही त्याला “नाही” म्हणत नाहीत. माणूस शब्द चुकला तरी अर्थ उचलतो. यंत्राला अर्थाशी कर्तव्य नव्हते. हल्ली ही यंत्रे पुष्कळशा चुका आपणहून सुधारून घेतात म्हणा, पण सगळ्या नाहीत, आणि सगळीकडे तर नाहीतच.

एक गोष्ट वाचून मला, का कोण जाणे, थोडा धीर आला. चुका करणारे आम्हीच नव्हतो, ज्यांची ती भाषा आहे ते लोकही होते. १७५९ पासून चिनी मातीची भांडी करणाऱ्या ‘वेजवुड’च्या नावात मध्येच एक जादा ‘ई’ घालणारे इंग्रज कितीतरी आहेत. खणांच्या कपाटाला ते ‘चेस्ट ऑफ ड्रॉवर्स’ म्हणतात, पण भरभर बोलताना त्याचे ‘चेस्टर ड्रॉज’ होते, आणि तसेच ते जाहिरातीत उतरते. म्हणजे त्यांच्याकडेही कानाने शिकलेला माणूस कानानेच लिहितो. आमचा ‘फेवरलुबा’ आणि त्यांचा ‘चेस्टर’ एकाच शाळेतले.

सर्वांत नवलाची हकीकत एका बिअरच्या बाटलीची. आर्क्टिक महासागरात हरवलेल्या फ्रँकलिनच्या शोधासाठी १८५२ साली सर एडवर्ड बेल्चर यांची मोहीम निघाली. तिच्यासाठी ‘ऑलसॉप’ कंपनीने खास बिअर बनवली होती. त्यातली एक बाटली २००७ साली ईबेवर आली. विकणाऱ्याने कंपनीच्या नावात दोन ‘पी’ लिहायच्या ऐवजी एकच लिहिला. बाटली गेली ३०४ डॉलरला. घेणाऱ्याने दुसरा ‘पी’ जागच्या जागी बसवून ती पुन्हा लिलावात ठेवली आणि बोली चढली पाच लाख तीन हजार तीनशे डॉलरवर! ती शेवटची बोली पुढे पोकळ ठरली, कोणीतरी केलेली थट्टा होती, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर एका ‘पी’ची किंमत पाच लाख डॉलर असे माझे वर्गमित्र सांगत सुटतील.

हे सगळे समजल्यावर मी काय केले असेल? मी तेच करू लागलो. रात्री बसून चुकीची नावे टाइप करायची. बंगळुरूच्या एच.एम.टी.ची ‘जनता’ घड्याळे यासाठी फार चांगली. काहींच्या डायलवर देवनागरीत ‘जनता’ असे लिहिलेले असते, त्यात चुकायला जागा नाही. पण इंग्रजीत लिहायची वेळ आली की मधला ‘ए’ गळतो, कारण आपण म्हणतो ‘जन्ता’. ‘कोहिनूर’मधल्या दोन ‘ओं’च्या जागी ‘यू’ येतो. अशी विस्मृतीत पडलेली घड्याळे मी तीनशे-साडेतीनशेला उचलायचो, अण्णांकडून साफ करून घ्यायचो आणि बरोबर नावाने हजाराला विकायचो. अण्णांना वाटायचे, पोराला धंद्याची नजर आहे. दुसऱ्या वर्षाची माझी सगळी पुस्तके या पैशांतून आली. त्यात व्याकरणाचेही एक होते.

गेल्या दिवाळीच्या आधी असाच एकदा शोधत असताना एक फेवरलुबा सापडले. नाव जवळजवळ माझ्यासारखेच चुकलेले. बाराशे रुपयांपासून बोली, दोन दिवस उरलेले, एकही गिऱ्हाईक नाही. खाली वर्णनात मराठीत एक ओळ होती: “वडीलांची आठवन आहे, चालु आहे, गरज आहे म्हणुन विकने.”

साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा नियम मी परीक्षेसाठी पाठ केलेले आहेत. माझी नजर त्या ओळीवरून फिरली आणि मनात आकडे पडत गेले. ‘वडीलांची’, डी ऱ्हस्व हवी, एक. ‘आठवन’, दोन. ‘चालु’, तीन. ‘म्हणुन’, चार. ‘विकने’, पाच. पाच चुका मोजून झाल्या, आणि मग मी ती ओळ वाचली.

तरीही मी फोन घेऊन दुकानात गेलो. घड्याळ अस्सल आहे का, एवढे अण्णांकडून समजून घ्यायचे होते. जुन्या घड्याळांच्या डायली पुन्हा रंगवून विकायचा मोठा व्यवहार आहे. परदेशातले शौकीन अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाके मुरडतात. रंगवणाऱ्याचा हात कधी कधी अक्षरांत चुकतो आणि माल पकडला जातो. गंमत पाहा, डायलवर स्पेलिंग चुकलेले असले तर घड्याळावर संशय घ्यायचा. मथळ्यात चुकलेले असले तर मी समजायचो, हा व्यापारी नाही, घरातलीच वस्तू दिसते.

अण्णांनी फोटो मोठा करून भिंगातून पाहिला. “डायलला कुणाचा हात लागलेला नाही. चांगलं आहे. कितीला देतोय?”

“बाराशे.”

“बाराशे? त्याला ठाऊक नाही का काय आहे ते?”

“नाव चुकलंय त्याचं. कुणाला सापडत नाही ते.”

“मग सांग की त्याला.”

मी गप्प राहिलो. स्टँडवर गाडी लागली होती, तिची घोषणा संपेपर्यंत थांबलो आणि मग सगळे सांगून टाकले. उस्तादांचे घड्याळ, माझा ‘फीव्हर’, तेवीस बोल्या, सगळे. अण्णा ऐकत होते की नाही कळेना. हातातल्या चिमट्यात एक बारीक स्क्रू होता, तो त्यांनी जागेवर बसवला.

“किती आले म्हणालास त्याला?”

“नऊ हजार दोनशे पन्नास.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “एवढे पैसे घालणारा माणूस चावी वेळेवर देईल.”

ताईच्या फीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

निरोप मी दुपारीच लिहिला, पण पाठवायला रात्रीचे अकरा वाजले. तेवढ्या वेळात मी काय काय विचार केले ते इथे लिहीत नाही. “नमस्कार. तुमचे घड्याळ चांगले आहे, डायल मूळची आहे. मथळ्यात कंपनीचे नाव चुकले आहे म्हणून लोकांना दिसत नाही. डायलवर आहे तसे बघून लिहा.” एवढेच लिहिले. त्या पाच चुकांचा उल्लेख केला नाही. सकाळी उत्तर आले, “धन्यवाध सर.” मथळा त्याने सुधारला होता, निम्माच, पहिला शब्द बरोबर, ‘लुबा’ तसेच. तेवढ्यानेही लोक आले. मीही तीन हजारांपर्यंत बोली लावून पाहिली, ती संध्याकाळपर्यंत मागे पडली.

तिसऱ्या दिवशी दुकानात डबा घेऊन गेलो तेव्हा अण्णांनी मान वर न करता विचारले, “गेलं का ते?”

“गेलं. चार हजार सहाशेला.”

“दोन स्प्रिंगांचं होतं ना?”

“ते त्यानं लिहिलंच नव्हतं.”

“लिहायला पाहिजे होतं,” अण्णा म्हणाले, आणि डब्यासाठी त्यांनी पेटीवरची घड्याळे बाजूला सारली.