एकाच ताटातला केक

वाढदिवसाला केक कापण्याची रीत आता शहरातून निघून वस्तीवस्तीत आणि खेड्यापाड्यांत पोचली आहे. १३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता आपल्या चौकाचौकांतून मोठमोठे केक कापले जातात, हेही वाचकांनी पाहिले असेलच. ही रीत चांगली की वाईट, हा वाद आम्हाला येथे घालावयाचा नाही. आम्हाला सांगावयाचे आहे ते त्या गर्दीच्या कडेला हात मागे बांधून उभ्या राहणाऱ्या मुलाविषयी, ज्याला तो केक खाताच येत नाही. असे एक मूल आमच्या घरात आहे.

आमची धाकटी मुलगी आता नऊ वर्षांची आहे, चौथीत शिकते. पाच वर्षांची होईपर्यंत तिचे वजन काही केल्या वाढेना. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, दर चार दिवसांनी जुलाब आणि अंगात रक्त कमी. अकोल्यातल्या एका दवाखान्यात जंताचे औषध झाले, दुसऱ्यात लोहाच्या बाटल्या झाल्या. नात्यातल्या एका बाईंनी दृष्ट काढायला सांगितली, ती आम्ही काढली नाही. शेवटी एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी ‘टीटीजी’ नावाची रक्ततपासणी करायला लावली. पुढे नागपूरला दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला, तेव्हा दुखण्याचे नाव कळले. सिलिअॅक.

हे दुखणे समजून घेणे कठीण नाही. कणकेचा गोळा नळाखाली धुवत राहिले की पांढरे पाणी वाहून जाते आणि हातात चिवट, रबरासारखा ऐवज उरतो. तो ग्लुटेन. गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात तो असतो. सिलिअॅक असलेल्या माणसाने तो खाल्ला की शरीराची रोगाशी लढणारी फौज स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारी आतड्यातली मखमल झिजून सपाट होते. मग मूल पोटभर जेवते आणि तरीही उपाशी राहते. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद, एवढाच उपाय. तो शोधला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे हॉलंडात पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी आजारी मुले सुधारू लागली आणि पाव परत आला तशी पुन्हा खंगू लागली. गव्हावर डिके यांचा संशय त्याआधीपासूनच होता. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. दुष्काळात मुले बरी होतात, ही गोष्ट दुसऱ्या कोणी योगायोग म्हणून सोडून दिली असती.

एक सूचना येथेच देतो. मुलाला असा त्रास आहे असे वाटले तर आधी गहू बंद करून पाहू नये. गहू सुटल्यावर तपासणी केली तर रक्तातली खूण फिकी पडते आणि निदान हुकते. आधी तपासणी, मग पथ्य. आणि ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी केवळ कोणी सांगते म्हणून पोळी सोडण्याचे कारण नाही.

नागपूरहून परत आलो तेव्हा आजींनी, म्हणजे आमच्या आईने, विचारले, ‘मंग पोरीले खाऊ काय घालाचं?’ आम्ही ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, डाळी अशी यादी वाचून दाखवली. आजी हसल्या. ‘आमाले गहू सणासुदीलेच दिसे. भाकर अन् कण्या खाऊनच आमी लहानाचे मोठे झालो. आता डॉक्टर तेच खा म्हणते, अन् वरून फी घेते!’ २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा दुकानांत ज्वारीची पाकिटे झळकू लागली. भाव पाहून आजींनी ते पाकीट जागच्या जागी ठेवले.

भाकरीने पोटाचा प्रश्न सुटला, पण घराचा सुटला नाही. गहू कुठे कुठे लपलेला असतो हे तेव्हा कळले. रवा, मैदा, दलिया, शेवया हे तर उघडच. पण बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. मुलांच्या दुधात घालायच्या पुडीत माल्ट असतो आणि माल्ट जवाचा असतो. आमच्या गल्लीतले गिरणीवाले काका भले गृहस्थ. म्हणाले, ‘सकाळचा पहिला घाणा तुमचा काढत जाईन.’ पण गिरणीच्या दगडांच्या खाचांत आदल्या दिवसाचा गहू बसलेला असतोच. शेवटी कार्यालयाच्या पतसंस्थेतून कर्ज काढून घरगुती चक्की घेतली. तिच्यात गहू आजतागायत गेलेला नाही. ज्वारीसुद्धा निवडून, धुऊन, वाळवून मगच दळतो, कारण पोत्यात गव्हाचे चुकार दाणे सापडतात.

डॉक्टर बाईंनी बजावले होते की हिची चाळणी, परात, तवा वेगळा ठेवा. चिमूटभर कणीकसुद्धा चालायची नाही. त्यांचे म्हणणे रास्त होते. पण ‘वेगळे भांडे’ हा शब्द आमच्या घरात सहज उच्चारला जात नाही. आमच्या वडिलांच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचा कप वेगळा असे. तो बाहेर खिळ्याला टांगलेला, चहा पिऊन आपणच विसळून ठेवायचा. वडील हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज चढत नसे, पण हातातला कप ते टेबलावर ठेवायचे विसरून जात. त्याच घरात पाच वर्षांच्या पोरीला ‘ही तुझी परात, याला हात लावू नको’ असे कसे सांगावयाचे?

आम्ही दोघांनी बसून विचार केला आणि व्यवस्था उलटी केली. घरातली सगळी भांडी तिची, आमची, सर्वांची. वेगळे काढले ते गव्हाला. कणकेचा डबा, पोळपाट, लाटणे, एक चाळणी आणि एक तवा खालच्या कप्प्यात गेले, त्यावर लाल रंगाची पट्टी चिकटवली. गहू आठवड्यातून दोनदाच, तोही तिची भाकर झाल्यावर. पथ्य तेच, सुरक्षितता तीच. पण कोंडून ठेवलेला गहू आहे, मुलगी नाही, हे तिला न सांगता कळले.

राहिला प्रश्न घराबाहेरचा. दुसरीत असताना ती शाळेतून आली की दप्तरातून चुरगळलेला कागद काढून भावाच्या हातात देई. वर्गात कोणाचा तरी वाढदिवस असे, केकचा तुकडा वाटला जाई, ती तो न खाता घरी आणी. तक्रार नाही, रडणे नाही. एकदा फक्त म्हणाली, ‘बाईंना कितीदा सांगू? सगळे बघतात.’ शहरातल्या एका बेकरीत ग्लुटेनमुक्त कपकेक मिळतात असे कळल्यावर आम्ही चौकशीला गेलो. तेथे एकाच टेबलावर मैदा उडत होता आणि एकाच भांड्यात सगळी मिश्रणे फेटली जात होती. भाव ऐकून तर बी.कॉम.च्या पदवीचाही उपयोग झाला नाही. आपल्या देशात ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. त्या टेबलावर हा नियम कोण मोजणार? आम्ही घरी करायचे ठरवले.

गव्हाच्या केकमध्ये हवेचे बुडबुडे धरून ठेवण्याचे काम ग्लुटेन करते. ज्वारीला ती चिकाटी नाही, म्हणून केक भुगा होतो. यावरचा उपाय आजींच्या भाकरीतच होता. जुन्या ज्वारीची भाकर थापताना बाया आधणाचे पाणी घेतात. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा धरून राहतो. तीच युक्ती येथे चालते. बाकीचे काम अंडी करतात. अंडी नको असतील तर एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून दहा मिनिटे ठेवावी. ती अंड्याच्या बलकासारखी बुळबुळीत होते.

बारा कपकेकसाठी ज्वारीचे पीठ १०० ग्रॅम, नाचणीचे ५० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, किसलेला गूळ १२० ग्रॅम, दोन अंडी, दही १२० ग्रॅम, तेल ६० मिलिलिटर, पाणी १०० मिलिलिटर, खायचा सोडा अर्धा लहान चमचा, बेकिंग पावडर एक लहान चमचा आणि चिमूटभर मीठ एवढे लागते. कोको म्हणजे निव्वळ कोको. दुधात घालायची गोड चॉकलेट पावडर नव्हे, तिच्यात साखर आणि कधीकधी माल्टही असतो. बेकिंग पावडरीच्या डबीवरचा मजकूरही वाचून घ्यावा.

पाणी उकळून त्यात गूळ विरघळवावा आणि गाळून घ्यावा, गुळात खडे असतात. ते गरम पाणी कोको आणि दोन चमचे ज्वारीच्या पिठावर ओतून गुठळ्या मोडाव्यात. कोकोचा खरा वास येथेच सुटतो. कोमट झाल्यावर दही, तेल, अंडी, मीठ आणि उरलेली पिठे घालून एकजीव करावे. मग वीस मिनिटे झाकून ठेवावे. ही वीस मिनिटे गाळू नयेत. पीठ भिजले नाही तर केक दाताखाली कचकचतो. सोडा आणि बेकिंग पावडर मात्र अगदी शेवटी घालावी आणि लगेच भाजायला ठेवावे, कारण दह्याशी गाठ पडताच सोडा काम सुरू करतो आणि गॅस थांबून राहत नाही.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर १८ ते २० मिनिटे. आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरची शिटी आणि रबर काढून तळाला वाटीभर मीठ पसरतो, वर जाळी ठेवतो आणि रिकामा कुकर मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवतो. स्टीलच्या वाट्यांना तेल लावून आत ज्वारीचे पीठ भुरभुरतो (सवयीने हात मैद्याकडे जातो, म्हणून मैदा घरात आणणेच बंद केले), त्या दोन तृतीयांश भरतो आणि मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे ठेवतो. काडी खुपसून कोरडी निघाली की झाले. वाटी पूर्ण निवल्याशिवाय केक काढू नये, गरम असताना तो मोडतोच.

आता हे पौष्टिक किती? गूळ घातला की पदार्थ औषधी झाला, असे पुष्कळ लोक मानतात. आम्ही मानत नाही. गूळही बहुतांशी साखरच. हिशेब एवढाच की एका केकमध्ये दहा ग्रॅम गूळ जातो आणि वर लोण्यासाखरेचा थर नसतो. खरा फायदा नाचणीचा. तिच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. आतडे झिजलेल्या मुलांची हाडे कच्ची राहतात, तेव्हा ते मोलाचे. नाचणी वाढवून अर्धी करून पाहिली तर केक जड होतो. आम्ही दोनास एक या प्रमाणावर थांबलो. खर्चात सर्वात भारी पडतो तो कोको. २०२४ मध्ये त्याचे भाव जगभर भडकले होते. तरी सारे धरून एक केक आम्हाला आठ रुपयांच्या आत पडतो.

पहिल्यांदा शाळेत डबा दिला तेव्हा फक्त तिच्यापुरता एक केक द्यावयाचा की सर्वांना, यावर घरात बोलणे झाले. एक दिला तर ती पुन्हा वेगळीच पडणार. म्हणून तिच्या वाढदिवसाला वर्गातल्या ४२ मुलांना पुरतील इतके केले, चार खेपांत, रात्री साडेअकरापर्यंत. हे ज्वारीचे आहेत असे बाईंना सांगितले. मुलांना कोणी काही सांगितले नाही. डबा रिकामा परत आला. बाईंचा निरोप होता, दोघा-तिघांनी आणखी मागितले.

गेल्या एप्रिलमध्ये वस्तीतल्या महिला मंडळाने विचारले की विहारातल्या लहान मुलांसाठी तसे साठ केक होतील का. एका कुकरचे हे काम नव्हे. पाच घरांतून कुकर आले. ते घासूनपुसून आमच्याच ओट्यावर आणि अंगणातल्या शेगडीवर लावले, पीठ आमच्या चक्कीचे. आजी खाटेवर बसून वाट्यांना तेल लावत होत्या आणि लावतालावता प्रत्येकीला ज्वारी कशी निवडायची ते सांगत होत्या. बारा वाजता मोठा केक कापला गेला, त्याच वेळी ही परातही फिरली. धाकटी तीच परात धरून फिरत होती, आधी दुसऱ्यांना, मग स्वतःला. तिने दोन घेतले.

त्यानंतर बऱ्याच ताईंनी प्रमाण विचारले आहे. साठांसाठी ज्वारी अर्धा किलो, नाचणी पाव किलो, कोको १५० ग्रॅम, गूळ ६०० ग्रॅम, अंडी दहा, दही ६०० ग्रॅम, तेल ३०० मिलिलिटर, पाणी अर्धा लिटर, सोडा अडीच लहान चमचे, बेकिंग पावडर पाच आणि मीठ चवीपुरते. सोडा व पावडर एकदम सगळ्यात घालू नये. जेवढे कुकर चुलीवर आहेत तेवढ्याच मिश्रणात घालावी आणि बाकीचे मिश्रण झाकून ठेवावे.