खेकड्याचा मास बॅलन्स

हॉस्टेलवर राहणाऱ्यांना घरून येणाऱ्या फोनचे विषय ठरलेले असतात. जेवलीस का, सबमिशन झालं का, घरी कधी येतेस. गेल्या सेमिस्टरला आमच्या घरच्या फोनला चौथा विषय मिळाला : खेकडा!

थोडी पार्श्वभूमी सांगते. बाबा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. ताई लग्न होऊन नाशिकला, मी इथे. ऑफिसातल्यांनी निरोपाला बाबांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि बाबांनी स्वतःच स्वतःला दिला खाऱ्या पाण्याचा फिश टँक. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण दोनशे लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेव्हा पहिल्याच दिवशी सात किलो मीठ लागलं. (हे मीठ स्वयंपाकघरातलं नव्हे, पण आईने डबा लपवलाच!) जिवंत प्रवाळाचा प्रश्नच नव्हता. २००१ पासून प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. म्हणून कोरडे दगड, थोडी वाळू, चार समुद्री गोगलगायी आणि हॅचरीत वाढलेले दोन क्लाउनफिश. लहान मुलं ज्यांना 'निमो' म्हणतात ते.

पहिले काही महिने सगळं मस्त होतं. मग दगडांवर हिरवे केस उगवले. शेवाळाचा हा प्रकार खरंच केसांसारखा लांब वाढतो आणि पाण्याबरोबर डोलतो. दुकानदार म्हणाला, "सर, दोन एमेरल्ड क्रॅब टाका, सगळं साफ." बाबांनी लगेच मला फोन केला. का, तर मी केमिकलला आहे. रूममेट हसून म्हणाली, "शेवाळ तुमच्या सिलॅबसमध्ये आहे का गं?" नव्हतं. पण बाबांनी विचारलंय म्हटल्यावर वाचायला बसले.

उमेदवार तीन होते. पहिला एमेरल्ड, हिरवागार, मूळचा कॅरिबियन समुद्राकडचा. त्याची ख्याती फुग्यांसारखं गोल शेवाळ खाण्याबद्दल. आमच्याकडे फुगे नव्हते, केस होते. शिवाय मोठा झाला आणि पोट भरलं नाही, की तो इतरांवर चिमटा चालवू शकतो. दुसरा सॅली लाइटफूट. दिसायला चपटा आणि चपळ, पण वाढला की झोपलेला मासासुद्धा पकडू शकतो. तिसरा शंखात राहणारा हर्मिट. हा त्यातल्या त्यात गरीब. पण याला स्वतःचं घर नसतं. अंग वाढलं की मोठा शंख लागतो, आणि रिकामा मिळाला नाही तर गोगलगाईला मारून तिचा घेतो. म्हणजे आमच्या चार जुन्या भाडेकरूंचं काही खरं नव्हतं. आणखी एक गोष्ट, माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तर तांब्याचं औषध देतात. ते खेकड्यांना विष आहे. खेकडे आले की ते औषध त्या टँकमध्ये घालता येणार नाही.

अलिबागचा मामा म्हणाला, "विकत कशाला घेता? किनाऱ्यावर पायाखाली येतात, पिशवीभर आणतो." आईचं मत याहून सरळ होतं. "आणायचेच तर कालवणाचे आणा."

एवढं वाचूनही माझा निर्णय होत नव्हता. मग एका रात्री वहीत एक चौकोन काढला. आमच्या ब्रँचला सुरुवातीलाच शिकवतात, की आत आलं त्यातून बाहेर गेलं ते वजा केलं, की साठलं ते उरतं. हाच मास बॅलन्स. चौकोन म्हणजे आमचा टँक. आत काय येतं? खाद्य. त्यात निम्मं प्रोटीन धरलं तर एका ग्रॅममध्ये सुमारे ०.०८ ग्रॅम नायट्रोजन. मासे खातात, अमोनिया सोडतात, बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. सगळ्याचं नायट्रेट झालं असं धरलं, तर दोनशे लिटरमध्ये लिटरमागे १.८ मिलिग्रॅम. रोज एक ग्रॅम खाद्य पडलं तर महिन्याला पन्नासच्या वर! फॉस्फेटही खाद्यातूनच येतं. शेवाळाला आणखी काय हवं?

आणि बाहेर काय जातं? बदललेलं पाणी, स्किमरमधला फेस, आणि हाताने उपटून फेकलेलं शेवाळ. खेकडा मात्र चौकोनाच्या आतच राहतो. तो शेवाळ खाईल, पण त्यातला बराचसा नायट्रोजन पुन्हा त्याच पाण्यात सोडेल. दगड स्वच्छ दिसतील, हिशेब जिथल्या तिथे. मला भलताच आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला.

"बाबा, खाद्य दिवसातून किती वेळा घालता?"

"दोनदा."

मागून आईचा आवाज आला. "दोनदा? सकाळी चहाबरोबर, जेवायच्या आधी, दुपारी उठल्यावर आणि रात्री बातम्या संपल्या की!"

मी बाबांना वीस चिमट्या काट्यावर मोजायला सांगितल्या. पाच ग्रॅम भरल्या. म्हणजे चार चिमट्यांचा बरोबर एक ग्रॅम. गणित जुळलं होतं. पण बाबा हळूच म्हणाले, "अगं, काचेपाशी येऊन उभे राहतात. नाही कसं म्हणायचं?"

व्हायवाला उत्तर सुचत नाही तसं माझं झालं. पस्तीस वर्षं या माणसाची सकाळी ऑफिसात वाट पाहिली जायची आणि संध्याकाळी घरी आम्ही पाहायचो. आता दिवसातून चार वेळा दोन मासे पाहतात. "खाद्य कमी करा" हे वाक्य वहीत सोपं होतं, फोनवर नव्हतं.

शेवटी मी फेऱ्या चारच ठेवल्या, फक्त खाद्य एकदा. सकाळच्या फेरीला उडून गेलेल्या पाण्याएवढं साधं आरओचं पाणी भरायचं, कारण पाण्याची वाफ होते, मिठाची नाही. जेवायच्या आधी एक चिमटी. दुपारी जुना टूथब्रश घेऊन शेवाळ खरवडायचं आणि बाहेर टाकायचं. रात्री क्षारता आणि तापमान वहीत लिहायचं. शिवाय रविवारी वीस लिटर पाणी बदलायचं, सातशे ग्रॅम मीठ मोजून.

महिन्याभराने मीच विचारलं, "मग, आता एखादा हर्मिट आणूया का? मोकळे शंख ठेवले तर चालेल."

बाबा म्हणाले, "तो आला तर मी दुपारी काय करू?"

तेव्हा खेकडा सध्या नाही. शेवाळ पूर्ण गेलेलं नाही, पण केसांची लांबी कमी झाली आहे. नायट्रेट पन्नासवरून पंधरावर आलं. वही बाबांची आहे, अक्षर ऑफिसच्या रजिस्टरसारखं.

आई सांगते, मासे अजूनही चारही वेळा काचेपाशी येतात. एकदाच खायला मिळतं, तीन वेळा नुसते बाबा दिसतात. तरी येतात.