शहागडच्या डोहातली मरळ

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या घरात शहागडचे नाव निघते. जालन्याहून अंबड, वडीगोद्री करत सोलापूर-धुळे महामार्गाला लागले की पुढे गोदावरीचा पूल येतो. अलीकडचा काठ जालना जिल्ह्याचा, पलीकडचा बीडचा. गाड्या गेवराईकडे निघून जातात आणि आम्ही उसाच्या कडेने नदीकडे वळतो. गळ, दोरी, डब्यातली गांडुळे आणि भाकरीचे गाठोडे, एवढेच सामान.

आमचे मामू याच काठावर वाढले. पावसाळ्यात मरळीला गळ टाकू नये, हे त्यांनी आम्हाला लहानपणीच शिकवले. त्या दिवसांत तिची पिल्ले लालसर पुंजक्याने पाण्यावर फिरतात आणि आईबाप खाली राखणीला असतात. जवळ काहीही पडले तर ते पिल्लांसाठी त्यावर झेप घेतात. तेव्हा मासा पकडणे फार सोपे. पण मोठा मासा गेला की पिल्लांना राखणारे कोणी उरत नाही. काही हौशी लोक याच मोसमाची वाट पाहतात; आम्हाला ती शिकार वाटत नाही.

आश्विन संपता संपता पिल्ले पांगतात आणि पाण्यातला गढूळपणा खाली बसतो. मरळ डोळ्यांनी शिकार करते, म्हणून स्वच्छ पाणी तिच्या सोयीचे. पण थंडीही वाढत असते. माशाचे अंग पाण्याइतकेच गार होते, अन्न हळू पचते, भूक मंदावते. म्हणून फजरनंतर लगेच काठावर धावण्यात अर्थ नाही. ऊन चढून काठाचे उथळ पाणी कोमट झाले की मरळ पाणगवताच्या कडेला येते. ती अधूनमधून वर येऊन हवाही घेते, नुसते कल्ले तिला पुरत नाहीत. पाण्यावर एक कडे उमटते, बारीक बुडबुडा येतो, की मामू बोट दाखवतात. त्या कड्याच्या हातभर पुढे गळ टाकायचा आणि गप्प बसायचे. मुलांना यातले गप्प बसणेच काय ते जमत नाही.

आता या नदीला पंचांगापेक्षा धरणाचे दरवाजे जास्त कळतात. वर पैठणला जायकवाडी आहे. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. 27 दरवाजे, सुमारे 102 टीएमसी साठा. त्याच्या खाली आपेगाव, हिरडपुरीचे बंधारे. या पाण्याने अंबड, घनसावंगीकडचे ऊस-मोसंबी उभे राहिले, हे नाकारून चालणार नाही. पण वरून पाणी सुटले की इथला काठ रातोरात बदलतो, आणि नाही सुटले तर थंडीतच नदी तुटक डबक्यांची होते. भोई बांधव हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी लावतात. त्यांचा सगळा हिशेब या दोन टोकांमध्ये बसतो.

त्याहून मोठी गोष्ट वाळूची. मामूंना प्रत्येक डोह ठाऊक होता: कुठे गुडघाभर, कुठे पुरुषभर, कुठे खडक. वाळूचा बेसुमार उपसा सुरू झाला तसा तो नकाशा पुसला गेला. पूर्वी तळ उताराने खोल जायचा. आता एका पावलापर्यंत घोटाभर पाणी असते आणि पुढच्या पावलाला थेट खड्डा. वरून पाणी सारखेच दिसते. गोदाकाठच्या गावांत अशा खड्ड्यांनी पोहणारी मुलेही नेली आहेत. त्यामुळे मामू आता आधी गळ काढत नाहीत. दोरीला दगड बांधून काठाकाठाने तळ मोजत जातात. जिथे दोरी एकदम सैल सुटत खाली जाते, तिथून आम्ही मुकाट्याने उठतो, मासा कितीही उसळत असला तरी. मुलांना हे कंटाळवाणे वाटते. आयांना अजिबात वाटत नाही.

यंदा अशा चार जागा सोडल्या. शेवटी बाभळीखालचा खडकाळ काठ सापडला आणि जोहरच्या आत दोन मरळी लागल्या. नदीच्याच पाण्याने वुजू करून तिथेच नमाज झाली.

मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते. बाजारात ती टबात वळवळत विकतात ती यामुळेच. भाचीने विचारले, “हिला जिबह करायचे का?” माशाला जिबह लागत नाही, पाण्यातली शिकार आपल्यासाठी हलाल आहे, मामूंनी सांगितले. पण जीव असताना खवले काढू द्यायला ते तयार नव्हते. तडफडवून खाण्यात कसली लज्जत, म्हणाले, आणि त्यांनी आधी डोक्यावर एकच घाव घातला.

घरी मुमानींनी हळद-मीठ लावून तुकडे ठेवले, चिंचेच्या कोळात सालन केले. मरळीला काटे कमी, म्हणून धाकट्यांनाही निर्धास्त वाढता येते. सोबत ज्वारीची भाकरी. डोके नेहमीप्रमाणे मामूंच्या ताटात गेले. जेवता जेवता ते पुढच्या वर्षीसाठी लांब दोरी आणायला सांगत होते. यंदाची एका ठिकाणी तळाला पोचलीच नव्हती.