ठासणीची बंदूक आणि आषाढातला पाऊस

डोंगरी, भाईंदर (पश्चिम)
शनिवार

ती. बाबांस,

भाईंदर स्टेशनाबाहेर उत्तनची बस धरली. मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरीला उतरलो, तो धो धो पाऊस. मासेमारीवरची पावसाळी बंदी 31 जुलैपर्यंत असल्याने कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली आहेत. सर ओसरल्यावर चौकला, धारावी किल्ल्यावर गेलो. तिथे चिमाजी अप्पांचा पुतळा आहे आणि खाडीपलीकडे वसई.

तिथे उभं असताना मनात आलं, जुन्या तोड्याच्या बंदुकीचं अशा दिवशी काही चालत नाही. जळता तोडा विझतो, कान्यावरची रंजक, म्हणजे बार पेटवणारी दारू, भिजते, मग नेम कितीही पक्का असला तरी बार उडत नाही. चिमाजी अप्पांच्या वसईच्या वेढ्याचा निकाल मे 1739 मध्ये लागला. तोफा आणि सुरुंगांचं ते काम मृगाआधी उरकणं भागच होतं. पुढे 23 जून 1757 ला प्लासीच्या रणावर सर कोसळली. इंग्रजांनी आपली दारू ताडपत्रीने झाकली होती. बंगालच्या नवाबाची भिजली आणि त्याच्या तोफा थंडावल्या.

वसई
रविवार

ती. बाबांस,

काल रात्रभर आजोबांची केपाची, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या टोपीची, ठासणीची बंदूक डोक्यात होती. दारूत सोरा, कोळसा, गंधक साधारण 75, 15, 10 या प्रमाणात असतात. पाणी लागलं की सोरा विरघळतो आणि मिश्रण बिघडतं. भिजलेली दारू उन्हात वाळवली तरी तिचा जोर परत येत नाही. म्हणून सगळी हुशारी ती भिजू न देण्यातच आहे.

पाणी शिरतं ते नळीच्या तोंडातून आणि कान्यातून. छऱ्यांवर बोळा घट्ट ठासून नळी जमिनीकडे धरायची, तोंडाला बूच लावायचं, केपाच्या कडेला मेण फासायचं, घोड्यावर तेल पाजलेलं चामडं बांधायचं. बार काढण्याआधी बूच आठवणीने काढायचं, नाहीतर नळी फुटू शकते.

केपाचं मूळ पाखरांच्या शिकारीत आहे. स्कॉटलंडमधले पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ शिकारीला जात, तेव्हा चकमकीच्या बंदुकीत रंजक आधी भडके आणि त्या उजेडाने पाखरं उडून जात. त्यावर त्यांनी ठोक्याने पेटणारं मिश्रण वापरलं आणि 1807 मध्ये पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याचं केप आलं आणि बंदूक पावसातही भरवशाची झाली.

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1991 ची त्यातली दुरुस्ती यांनी शिकार बंद केली, हे योग्यच झालं. मोर्व्याच्या खाजणातले बगळे निर्धास्त उभे असलेले पाहून मला आनंद झाला. पण शेतराखणीला आजोबा भर पावसात बंदूक कशी सांभाळत, कोणतं मेण आणि कोणतं तेल वापरत, हे आता तुम्हालाच ठाऊक आहे. बाबा, तेवढं वहीत लिहून काढा.

आपला मुलगा